आधी आपला गाल

भिवंडीच्या नारपोलीत उतरून मुख्तार मिस्त्रीचं दुकान विचारलंत, तर समोरचा आधी तुम्हालाच विचारेल, कुठला मुख्तार, लूमवाला की बंदूकवाला? आणि मग हसून सांगेल की दोन्ही एकच. सकाळी हा माणूस लोकांच्या शेडमधले लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करतो आणि दुपारी आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत जुन्या रायफली. खोलीच्या पाठीला चोवीस लूमची शेड चिकटलेली आहे. दिवसभर भिंत थडथडते, फळीवरच्या तेलाच्या बाटल्या एकमेकींवर वाजत राहतात आणि पहिल्यांदा आलेला माणूस घसा फोडून बोलायला लागतो. मुख्तार मात्र कधी आवाज चढवत नाही. त्याचं बोलणं हळू आणि शिव्या त्याहून हळू, म्हणून त्या जरा जास्तच लागतात.

शिव्या कुणाला, तर बंदूक घाण ठेवणाऱ्याला. अंबाडीपासून वाड्यापर्यंतच्या गावांत ज्यांच्या घरात आजोबाच्या वेळचा परवाना आहे ते सगळे इथंच येतात, आणि त्यातले निम्मे बंदुकीला खोबरेल चोपडून येतात. डोक्याला चालतं, दिवाळीला चालतं, मग बंदुकीला का नाही, असा त्यांचा साधा हिशेब. थंडी पडली की ते तेल आत गोठतं आणि रायफल बसते अडून. मग हे दादा तिला गोणपाटाच्या खोळीत घालून, परवान्याची वही छातीशी धरून मुख्तारच्या दारात. मुख्तार ती उघडतो, वास घेतो, आणि विचारतो की दादा, बंदुकीची वेणी कधी घालणार?

दुकानाचा परवाना मुख्तारच्या अब्बांपासून चालत आलेला, दुरुस्तीचा, फ्रेम करून भिंतीवर लावलेला. नियमाप्रमाणे त्यावर मदतनीस म्हणून कुणाचं तरी नाव लागतं, म्हणून वीस वर्षांपूर्वी मुख्तारनं आपल्या बायकोचं, मेहरुन्निसाचं नाव घालून टाकलं होतं. साहेबानं विचारलं होतं की ही काय मदत करणार? मुख्तार म्हणाला होता, चहा करते. तेव्हा सगळे हसले होते आणि शिक्का बसला होता.

आता त्याच्या जिवाची गोष्ट सांगायची तर त्या जुन्या रायफली. फौजेनं काढून टाकलेल्या, पुढं नळी बदलून साध्या माणसांना परवान्यावर मिळालेल्या रायफलींना तो 'फौजी' म्हणायचा. त्यांच्या दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाच्या, लाकडावर कुठल्या कुठल्या पलटणींचे आकडे ठोकलेले असायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, ते घासून गुळगुळीत करून टाका. हा म्हणायचा, तुमच्या हातावरचं गोंदण देऊ का घासून? आणि लिव्हरवाली रायफल आली की मग विचारूच नका. तिच्या पोटाखाली दांडा असतो. दांडा खाली ओढला की रिकामं काडतूस बाहेर उडतं, वर घेतला की नवं आत बसतं. तो खळ-खट्क आवाज नीट आला की मुख्तार दोन-चारदा उगाच दांडा चालवायचा, आणि आतून मेहरुन्निसा ओरडायची की झालं का खेळून?

अब्बांनी त्याला धंद्याबरोबर एक उसूल दिला होता. दुरुस्त केलेल्या बंदुकीची पहिली गोळी मिस्त्रीनं मारायची. ज्यानं कानस चालवली, त्यानंच दस्त्याला गाल लावायचा. आधी आपला गाल, मग गिऱ्हाईकाचा. दुसरे मिस्त्री बंदूक टायरला बांधून लांबून दोरीनं चाप ओढतात, आणि त्यात चूक काही नाही, अब्बाही आधी दोरीवर दोन गोळ्या मारून बघायचे. पण तिसरी गालावरच. ते म्हणायचे, दोरीला बायको-पोरं नसतात, दोरीची कसली परीक्षा! त्यांच्या उजव्या गालाच्या कातडीखाली बंदुकीच्या दारूचे निळे-काळे ठिपके होते, जवानीतल्या एका चुकीचे. ते त्यांनी कधी लपवले नाहीत.

तर असा हा मुख्तार. आणि दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला.

सुरुवातीला त्याला तो आपला हात वाटलाच नाही. त्या खोलीत सगळंच थरथरतं हो! भिंत, फळी, पाण्याचा ग्लास, मग हात थरथरला तर नवल काय? त्यानं लूमवाल्या शेठला जाऊन सांगितलंसुद्धा की तुमच्या शेवटच्या रांगेतले लूम फार हादरतायत, पायाखाली रबर घाला. शेठ भला माणूस, त्यानं रबर घातलं. मुख्तारनं टेबलाच्या चारी पायांखाली जुन्या टायरचे तुकडे ठेवले. टेबल शांत झालं, हात नाही झाला. तरी तो म्हणत राहिला, लूम, लूमचंच आहे. असं म्हणत त्यानं चार महिने काढले. सगळ्या भिवंडीत असली समजूत घालून घेणारा तोच एक असेल, असं मात्र समजू नका. इथं ज्याला त्याला आपलं दुखणं लूमच्या नावावर टाकायची सवय आहे.

पण शुक्रवारी लूम बंद असतात. नाजूक कानसकाम तो नेहमी शुक्रवारीच करायचा, नमाज पढून आल्यावर, कारण त्या दिवशी जमीन निवांत असते. अशाच एका शुक्रवारी तो स्क्रू बसवायला बसला. भिंत गप्प, बाटल्या गप्प, गल्लीत चिटपाखरू नाही. आणि स्क्रूच्या खाचेवर पेचकस टकटक टकटक वाजत होता. मुख्तारनं पेचकस खाली ठेवला आणि बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसला. त्याला रडू आलं. साठ वर्षांचा माणूस, पण खोटं कशाला सांगू, आलं.

डॉक्टरकडे तो एकटाच गेला. कंप आहे, गोळ्यांनी थोडा उतरेल, जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुख्तारनं हे कुणालाच सांगितलं नाही. लूमची सकाळची कामं जाड पान्यांची, ती निभत होती, पण तीही किती दिवस? जुने लूम भंगारात चाललेत, नवे आपोआप चालणारे येतायत, आणि त्यांचे इंजिनीअर त्यांच्याबरोबर येतात. स्वतःची म्हणावी अशी ही एक खोली होती. आणि ज्याचा हात हलतो त्याच्याकडे बंदूक कोण देईल? एकानं पाहिलं की अंबाडीच्या नाक्यावर बातमी, आणि नाक्यावरून गावोगाव. म्हणून त्यानं हात कुर्त्याच्या खिशात घालून उभं राहायची सवय लावून घेतली. नाजूक कामं तो परत पाठवायला लागला. कधी स्प्रिंग मिळत नाही म्हणून, कधी डोळ्याला बरं नाही म्हणून.

आणि मेहरुन्निसा? अहो, तीस वर्षांच्या संसारात बायकोपासून कुठं हात लपतो! तिला त्याच्या आधी कळलं होतं. तिनं तोंडानं काही काढलं नाही. फक्त ताटात पातळ पदार्थ येईनासा झाला. आमटी घट्ट झाली, चहाचा कप अर्धाच भरायला लागला, आणि वर्षभर त्या घरात कढी म्हणून झाली नाही. मुलगा शादाब मस्कतहून फोनवर विचारायचा, अब्बा कसे आहेत? ती म्हणायची, आहेत तसेच, तऱ्हेवाईक.

मग आषाढ सरता सरता अंबाडीच्या अलीकडून सावळारामदादा आले. भातशेती करणारा माणूस, वय सत्तरीच्या पुढं, पण अजून स्वतःचा पिकअप स्वतः चालवणार. त्यांच्या खोळीत त्यांच्या बापाची लिव्हरवाली विंचेस्टर रायफल होती. बापानं ती रानडुकरांसाठी घेतली होती, बापाच्या पश्चात परवाना सावळारामच्या नावावर झाला. मुख्तारच्या हयातीतलं पहिलं काम हीच रायफल होती. सोळाव्या वर्षी अब्बांनी तिचा तडकलेला दस्ता त्याच्यापुढं टाकला होता, आणि त्यानं लूमच्या मोडक्या धोट्याचं, आडवं सूत नेणाऱ्या शटलचं, कडक लाकूड कापून त्याचा तुकडा त्या तड्यात बसवला होता. तो सांधा आजही हाताला लागत नव्हता.

या वेळी दुखणं आतलं होतं. दांडा वर घेतल्यावर बोल्टला, म्हणजे काडतुसाच्या मागच्या झाकणाला, मागून अडवणारे दोन लोखंडी ठोकळे असतात, बार झाल्यावर सगळा जोर तेच झेलतात. ते झिजून खिळखिळे झाले होते. तसाच बार केला असता तर बोल्ट मागं उडून थेट मारणाऱ्याच्या तोंडात. नवे ठोकळे घडवायचे, आणि केसाच्या जाडीइतकं घासत घासत खाचेत जुळवायचे, असं ते काम. मुख्तारनं हात खिशातून न काढता सांगून टाकलं की दादा, हे आता होण्यासारखं नाही, हिला पोलिसांत जमा करून टाका.

सावळाराम जागचे हलले नाहीत. खिशातून रुमाल काढला, त्यात दोन काडतुसं होती, पितळ काळं पडलेलं. त्या मापाचं काडतूस आता आपल्याकडे शोधूनही मिळत नाही.

"दोनच ऱ्हायलीत बघ," ते म्हणाले. "एक तुज्या परीक्षेला, एक माज्यासाठी. मरायच्या आधी बापाची बंदूक एकदा वाजलेली आयकायची हाय मना. दुसऱ्या कुनाच्या हातात द्यायची न्हाय."

मुख्तारनं रायफल ठेवून घेतली.

पहिल्याच शुक्रवारी कानस घसरली. नव्या ठोकळ्याची कड गेली, आणि वर बंदुकीच्या पोटावर नखभर ओरखडा उठला. चाळीस वर्षांत त्याच्या हातून असं झालं नव्हतं. त्यानं कानस टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला, शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखा. मेहरुन्निसा दारातून बघत होती. ती आत आली, त्याच्या शेजारचं स्टूल ओढलं, ओढणी मागं खोचली आणि म्हणाली, "कानस इकडं द्या. कुठं घासायचं तेवढं सांगा."

तो रागावला. हे काय सूत आहे का, म्हणाला. आता इथं सांगायला हवं की मेहरुन्निसा वयाच्या आठव्या वर्षापासून कांड्या भरत आलेली बाई. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. भिवंडीतल्या किती बायकांचं आयुष्य त्यावर गेलंय. चालू मशीनवर सूत तुटलं की ते न बघता, नुसत्या बोटांनी शोधून, अंगठा आणि तर्जनीत गाठ मारायची, आणि गाठ अशी की कापडात दिसू नये. शिवाय तीस वर्षं ती या खोलीत हत्यारं उचलून देत आली होती. त्यानं हात पुढं केला की तो काही मागायच्या आत ती नेमकी कानस त्यात ठेवायची. तर ती त्याला म्हणाली की सूत तरी केवढं जाड असतं?

सात शुक्रवार लागले. नवे ठोकळे तिनं जाड कानशीनं आकारात आणले, मग बारीक कानस. मेणबत्तीची काजळी ठोकळ्यावर धरायची, तो खाचेत बसवायचा, हलकेच काढायचा. जिथली काजळी पुसली गेली तिथं लोखंड टेकतंय, तेवढंच घासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा बसवायचं. एका दुपारी साठ-सत्तर वेळा. मुख्तार शेजारी बसून सांगायचा आणि ती करायची. पहिल्या दोन शुक्रवारी तो एवढा बोलला की तिनं कानस आपटली.

"हात माझे आणि जीभ तुमची, असं ठरलंय ना? मग जीभ जरा आत ठेवा," ती म्हणाली.

तिसऱ्या शुक्रवारी तो कमी बोलला. चौथ्या शुक्रवारी त्याच्या लक्षात आलं की आपण सांगायच्या आधीच तिची कानस थांबते. ती काजळी बघतच नव्हती, बोट फिरवून सांगत होती की डावीकडं अजून आहे. त्यानं भिंग लावून बघितलं, डावीकडं अजून होतं. त्याला अभिमान वाटला आणि हेवाही. दोन्ही एकदमच. आपल्याला जे दहा वर्षांत आलं ते हिला चार शुक्रवारांत कसं आलं, म्हणून तो त्या दिवशी जरा तुटक वागला. मग संध्याकाळी स्वतःच जाऊन तिच्यासाठी नानखटाई घेऊन आला. माफी मागायची त्याची तीच तऱ्हा होती.

सातव्या शुक्रवारी दांडा वर घेतला आणि आवाज आला, खळ-खट्क. जुना, भरीव. त्यानं पुन्हा दांडा चालवला. मग रायफल तिच्या हातात दिली, तिनं चालवला. पोटावरचा तो ओरखडासुद्धा तिनं घासून-पुसून असा मिटवला होता की शोधावा लागावा.

आता राहिली पहिली गोळी. आणि पुढच्या बुधवारी इथंच भांडण पेटलं.

काडतुसं दोन. एक सावळारामचं, त्याला हात लावायचा नाही. म्हणजे दोरीवर मारून बघायला गोळीच नाही, पहिली गोळी तीच गालावरची. मेहरुन्निसा भांडी घासता घासता सहज म्हणाली की रविवारी परीक्षेला नेमबाजीच्या रेंजवर जाल तेव्हा मी पण येते, पहिली गोळी माझी ना. मुख्तारनं जेवताना हात आखडला. म्हणाला, परवाना माझा आहे. ती म्हणाली, माझंही नाव आहे त्यावर. तो म्हणाला, तू जन्मात बंदूक चालवली नाहीस. ती म्हणाली, परीक्षेला नेम कशाला लागतो, गाल लागतो. हे सगळं अब्बांचंच बोलणं होतं, आणि तीस वर्षं या घरात ते तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की आता तिनं ते त्याच्यावरच उलटवलं.

त्यानं साफ नाही म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही. कारण एवढंच होतं की ठोकळा चुकून निसटला तर लोखंड कुणाच्या तोंडात जाईल, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि त्या चित्रात तिचा चेहरा त्याला बघवत नव्हता. पण पुरुषमाणूस, असलं बोलून दाखवेल तर शपथ. मेहरुन्निसानं त्यातून काढायचा तो अर्थ काढला. तिला वाटलं, याला आपलं काम कच्चं वाटतंय. सात शुक्रवार शेजारी बसून, भिंग लावून, शेवटी हा आपल्या हाताला बाईचाच हात समजतो.

"भरवसा नसेल तर तसं सांगा," ती म्हणाली. "ठोकळे काढून टाका आणि दादांना परत करा."

तो हात धुवायला उठला. ती तीन दिवस गप्प राहिली. कामं सगळी केली, पाणी दिलं, औषधाच्या गोळ्या दिल्या, पण बोलली नाही. लूमच्या त्या गदारोळात घरात एवढी शांतता मुख्तारनं कधी ऐकली नव्हती.

रविवारी सावळाराम पिकअप घेऊन आले आणि तिघं निघाले. ती येणार नाही असं मुख्तारला वाटलं होतं. ती चांगला ड्रेस घालून, चपात्या आणि सुक्या बोंबलाचा डबा घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसली. गणेशपुरीच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत एका रायफल क्लबची छोटी रेंज आहे, शंभर मीटरची. शेवटी मातीचा उंच बांध, त्याच्यापुढं लाकडी चौकटीत कागदाचे चांद लावलेले. रेंज सांभाळणाऱ्या देवेशनं परवाने बघितले, वही उघडली आणि विचारलं, नेमबाजाचं नाव काय लिहू?

आता गंमत बघा. मुख्तारपुढं सरळ वाट होती. देवेशनं टेबलावर वाळूच्या पिशव्या आणून ठेवल्या होत्या. पिशवीवर नळी टेकवली की हात हलतोय हे कुणाला दिसलं नसतं. गोळी मारायची, रायफल द्यायची, घरी जायचं. सावळाराम अंबाडीला जाऊन सांगणार की मिस्त्रीनं काम चोख केलं. दुकान पाच वर्षं अजून चाललं असतं, ती आत बसून घासणार आणि हा बाहेर बसून नाव कमावणार. असे संसार काय कमी आहेत?

मेहरुन्निसा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिनं न बोलता हात पुढं केला, रायफल मागायला. मुख्तारनं तिच्या हाताकडं बघितलं. मग त्यानं आपला उजवा हात खिशातून काढला आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. हात नाचत होता. टेबलावरचं काडतूस त्यानं उचलायला घेतलं तर ते दोनदा निसटलं.

सावळाराम बघतच राहिले.

"दादा, दोन वर्षं झाली याला," मुख्तार म्हणाला. "तुमच्या बंदुकीला मी कानस लावली नाही. लावली तेव्हा बिघडवली. हे सगळं काम मेहरूचं आहे, पहिल्या घासण्यापासून शेवटच्यापर्यंत. उसूल म्हणतो, जिचा हात तिचा गाल. मी आज तो मोडतोय. तिचं काम कच्चं आहे म्हणून नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात याच्याइतकं पक्कं काम मी केलेलं नाही, आणि त्याच्यावर पहिला गाल ठेवायचा मान मला पाहिजे." मग देवेशकडं वळून तो म्हणाला, "लिहा, मुख्तार. आणि त्या पिशव्या काढा. उभ्यानं मारतो."

देवेश कां-कूं करायला लागला, एवढ्या हलत्या हातानं उभ्यानं नको म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं. शेवटी मुख्तार टेबलाशी बसला, कोपर टेकवलं. मेहरुन्निसाला त्यानं मागं, लांब उभं राहायला लावलं. बिस्मिल्ला म्हणाला. दस्त्याला गाल लावला. नळीचं तोंड समोर आठाचा आकडा काढत होतं. सावळारामनं दोन्ही कान दाबले, मेहरुन्निसानं ओढणी तोंडात धरली.

बार झाला. डोंगरावरून आवाज परत आला, झाडांतले बगळे उठले. कागदावर काहीही लागलं नव्हतं. चौकटीच्या दोन हात उजवीकडं, बांधावरची ओली माती उडाली होती. मुख्तार तसाच गाल लावून बसलेला. मेहरुन्निसा धावत पुढं आली. त्यानं डोकं उचललं, गाल अख्खा होता, नुसता दस्त्याचा वळ. त्यानं दांडा खाली ओढला, रिकामं काडतूस टुणकन उडून गवतात पडलं. ते तिनंच उचललं. पुंगळी बोटांत फिरवली, कुठं फुगली आहे का, कुठं तडकली आहे का, डोळे मिटून चाचपलं. जोर ठोकळ्यांनी बरोबर झेलला होता. तिनं मान हलवली आणि मग तिला रडू फुटलं, तीन दिवसांचं.

आता सावळाराम काय म्हणतील हा प्रश्न होता. बाईनं दुरुस्त केलेली बंदूक, मिस्त्रीचा हात असा, आणि दोघांनी सात आठवडे सांगितलं नाही. म्हातारा रागावला असता तर त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी पिकअपमधून नारळ आणला, बांधाजवळ जाऊन फोडला, येऊन बसले आणि आपली गोळी मारली. चांदाच्या अगदी कडेला भोक पडलं. म्हाताऱ्यानं दस्त्यावरून हात फिरवला. बाप आठवला असणार. मग डोळे पुसून ते उठले, मुख्तारच्या बाजूनं निघून सरळ मेहरुन्निसापाशी गेले.

"भाभी, चाप इवलासा जड वाटतंय," ते म्हणाले. "बग जरा."

आजवर या माणसानं तिच्याशी चहापलीकडं बोलणं काढलं नव्हतं. आणि गिऱ्हाईक तक्रार कुणाकडं नेतं हो? मिस्त्रीकडं. मेहरुन्निसानं नाक पुसलं, रायफल हातात घेतली, चापावर बोट ठेवून बघितलं आणि सांगितलं की शुक्रवारी आणून टाका, करते हलका. खोबरेल मात्र लावू नका.

सावळारामनं त्यांना अंबाडीला सोडलं आणि ते रायफल घेऊन गावाकडं वळले. दोघांना भिवंडीची एसटी मिळाली, खिडकीजवळची जागाही मिळाली. बराच वेळ दोघं शेतं बघत बसले. मग तिनं विचारलं की गोळी दोन हात लांब कशी गेली, हात हलला तरी एवढी नाही जात.

"डोळे मिटले होते," तो म्हणाला.

"माझ्या कामाला घाबरून?"

"नाही गं. म्हटलं, झालंच काही, तर शेवटचं तुला बघावं. तुला तर मीच मागं उभं केलं होतं, दिसणार कशी? म्हणून मिटले."

मेहरुन्निसा त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली की साठीला हे सुचतंय, लग्नात तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि ओढणीनं तोंड झाकून खिडकीकडं वळली. थोड्या वेळानं, बाहेरच बघत, तिनं त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, चारचौघांत, भरल्या गाडीत. हात थरथरत होता. तिनं तो दाबून धरला नाही, थांबवायलाही गेली नाही. नारपोली येईपर्यंत तो तिच्या तळव्यावर तसाच हलत राहिला.